ब्याऐंशीच्या आत

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
मामाचा आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आता तरी कठडा धरते, की अजून तोऱ्यातच उतरते? बाबांची रात्रीची खोकल्याची उबळ थांबली का? तुझ्या धाकट्या पोराचा हात प्लॅस्टरमधून सुटला असेल. त्याला म्हणावं, पुन्हा भिंतीवरून उडी मारलीस तर या वेळी प्लॅस्टर मी घालीन, सिमेंटचं. जावईबापूंची पाठ? आणि तुझी स्वतःची झोप? इकडे मामीची कंबर अधूनमधून संप पुकारते, बाकी ती खणखणीत. मी ठणठणीत.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. आमच्या लाइनला काय झालंय देव जाणे, हल्ली सगळेजण तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात. शिवाय पत्रात चित्र काढता येतं. पाठीमागे एक काढलंय, ते नंतर बघ.

आता कामाचं. नर्सबाई तुला आठवतीलच. तू सुट्टीत इथे यायचीस तेव्हा तुझ्या कपाळाला टाके घालताना तू त्यांना चावली होतीस, त्या. त्यांची एका सिलिंडरची मोटारसायकल चोवीस वर्षं माझ्याच हाताखाली आहे. डोंगरावरच्या घरांकडे जाणारा रस्ता इतका चिंचोळा, की दवाखान्याची मोठी गाडी अर्ध्या वाटेत अडते. वर कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, बाळंतिणीकडे जायचं, सगळं त्या गाडीवर. तर गेल्या आठवड्यात वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली. ब्रेक पास, दिवे पास, धूर पास, आवाजात नापास. यंदापासून आवाजही मोजतात. केंद्राच्या लांबलचक अंगणात गाडी जोरात पळवत नेतात आणि दोन्ही बाजूंना काठीवर माइक उभे करतात. मर्यादा ब्याऐंशी डेसिबल, मीटर म्हणाला सत्त्याऐंशी. अठरा मार्चपर्यंत दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावरून कायमची उतरवू, असा कागद दिलाय.

सायलेन्सर गंजून जाळी झालाय. नवा मिळत नाही, गाडी बनवणारी कंपनीच बंद पडून पंधरा वर्षं झाली. दवाखाना म्हणतो, दुसरी गाडी पुढच्या वर्षी बघू. म्हणून मी बाईंना शब्द देऊन बसलोय, की सायलेन्सर मी घरी बनवतो.

लहानपणी घर डोक्यावर घेणारी तू, आणि मोटारसायकलच्या कारखान्यात तुला आवाज कमी करायच्या खात्यात घेतलंय, हे आठवून मामी अजून हसते. तर आता या अडाणी मामाला सांग, तुम्ही लोक सायलेन्सरच्या पोटात नेमकं काय भरता? माझी आजवरची विद्या म्हणजे खोल आणि बघ.

तुझा मामा

११ फेब्रुवारी

ती. मामांना,
टिटवीचा नमस्कार.

आई कठडा धरत नाही. बाबांचा खोकला थांबला, आता ते खोकल्याबद्दल बोलतात. धाकट्याने सुटलेल्या हाताने दुसऱ्याच दिवशी झाड गाठलं. ह्यांची पाठ बरी आहे. माझी झोप बरी आहे. आणि नर्सबाईंना मी चावले नव्हते, नुसतं दात लावले होते.

मामा, आवाज गाडीतून दोन दारांनी बाहेर पडतो. मागचं दार म्हणजे सायलेन्सर. पुढचं दार म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं ती जागा. मागच्या दारावर सगळ्यांचा पहारा असतो, पुढच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मागचं आधी. सायलेन्सर म्हणजे तीन खोल्यांचं घर समजा. धूर पहिल्या खोलीतून तिसरीत, तिथून मागे वळून दुसरीत, असा हेलपाटे घालत बाहेर पडतो. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि समोरून येणाऱ्या आवाजाला भिडतो, त्यात दोघेही थकतात. धप्‌धप्‌ असा जो जाड आवाज आहे, तो या खोल्या मारतात. बारीक आवाजासाठी भोकं पाडलेला पाइप आणि त्याच्याभोवती काचेची लोकर. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथेच जिरतो. तुम्ही पत्रामागे काढलेल्या सायलेन्सरच्या चित्रात दोनच खोल्या आहेत, तिसरी बांधा.

आता पुढचं. इंजिन हवा पीत असतं, पण घोटाघोटाने. प्रत्येक घोटाला हवेला धक्का बसतो आणि गुरगुराट बाहेर येतो. म्हणून हवा थेट न घेता फिल्टरच्या डब्यातून घेतात, आणि डब्याला एक लांब अरुंद रबरी नाक लावतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ती एकाच सुरात घुमते ना? डबा आणि नाक मिळून तशीच एक बाटली होते. ती कुठल्या सुरात घुमेल हे आम्ही मापं बदलून ठरवतो, म्हणजे गुरगुराट आतच अडकतो. नाकाची लांबी बोटभर बदलली तरी माझ्या वहीतली दोन पानं बदलतात.

कुठल्या दाराने किती आवाज येतो हे बघायला आम्ही मागच्या दाराला जाड नळी जोडून धूर भिंतीपलीकडच्या भल्यामोठ्या टाकीत सोडतो. मागचं दार मुकं झालं, की उरतं ते पुढचं. आमच्या धावपट्टीवरही तुमच्यासारखंच, गाडी ठरलेल्या वेगाने येते, रेघेवर पोचली की चालवणारा मूठ पूर्ण पिळतो आणि वीस मीटर जातो. दोन्ही अंगांना साडेसात मीटरवर माइक. एवढ्या वीस मीटरसाठी आमचं वर्ष जातं.

तुम्ही फक्त एवढं बघून कळवा, नर्सबाईंच्या गाडीच्या डब्याला नाक आहे ना?

तुमची टिटवी

१७ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझं पत्र बाकावर उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसलो. ते नाक मीच काढलंय गं.

अकरा वर्षांपूर्वी काढलं. आणि एकट्या त्याच गाडीचं नाही, या भागातल्या निम्म्या गाड्यांची नाकं मी उपटलीत. मला कुणी शिकवलेलं नव्हतं. डबा उघडला, आत रुंद खोकं आणि त्याला ही एवढीशी नळी. मनाशी म्हटलं, बनवणाऱ्याने कंजूषपणा केलाय, इंजिन बिचारं नाक दाबून धावतंय. काढली नळी. गाडी जी गुरगुरली, गिऱ्हाईक खूश! मी छातीठोक सांगायचो, बघा, आता मोकळा श्वास घेतेय, वेग वाढला. वेग कसला वाढतोय, आवाज वाढला होता, आणि आम्ही दोघे शहाणे त्यालाच वेग समजत होतो.

मी काही टाकून देत नाही हे तुला ठाऊक आहे. माळ्यावर डबाभर नाकं निघाली, पण रबर सगळं तडकलेलं. शेवटी पाण्याच्या पंपाची जाड नळी घेतली, जुन्या नाकाच्या मापाने कापली आणि बसवली. केंद्रातले मीटरसाहेब भला माणूस, दर गुरुवारी दुपारी अंगण मोकळं असलं की हौसेखातर मोजून देतात. नुसत्या नाकाने सत्त्याऐंशीचे पंच्याऐंशी झाले! मी साहेबांना नाकाची गोष्ट सांगितली तर ते हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

सायलेन्सरही झालाय. तू सांगितल्याप्रमाणे तीन खोल्या, मध्ये भोकांचा पाइप, भोवती लोकर. भोकं पंचाने ठोकून पाडली, एकशे साठ, सगळी एका रांगेत. बघशील तर म्हणशील मशीनवर केलीत. आवाज असा मऊ झालाय म्हणतेस! गादीवर मूठ मारल्यासारखा ठोका. आणि बाकी इंजिन इतकं गप्प, की झडपा उघडणाऱ्या टॅपेटचा टिकटिकाट औषधालाही नाही.

आणि तरी मीटर म्हणतो चौऱ्याऐंशी. मीटरसाहेबांचं यंत्र बिघडलंय, दुसरं काय. पण दोनच तर उरलेत, ते मी चुटकीसरशी उडवतो, आणखी थोडी लोकर ठासतो.

नर्सबाईंची गंमत ऐक. म्हणतात, "मामा, गाडी शिलाई मशीनसारखी टिकटिकतेय, आणि चढावर कुणीतरी दातांतून शीळ घालतंय." मी म्हटलं, "बाई, जन्मभर ती नळी कानात घालून लोकांच्या छात्या ऐकल्यात, तुमचे कान हळवे झालेत." तर म्हणाल्या, "आणि तुमचे?" फार फटकळ बाई.

आईला सांग, कठडा लावलाय तो धरायला.

तुझा मामा

२३ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

नाकांचा डबा वाचून मी खात्यात मोठ्याने हसले आणि सगळ्यांना तुमची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, असे मामा प्रत्येक गावात एक असतात, म्हणूनच आपली नोकरी टिकलीय.

दोन म्हणजे थोडे, असं मात्र धरू नका. तीनने आकडा उतरवायचा म्हणजे आवाजाची ताकद निम्मी करावी लागते. आणि मीटर बिघडलेला नसावा. मीटरचा कान माणसाच्या कानावर बेतलेला असतो. जाड, खालच्या आवाजाला तो फारशी किंमत देत नाही. बारीक, टोचणाऱ्या आवाजाला पुरेपूर देतो. तुमचा ठोका कितीही मऊ झाला तरी त्याच्या वहीत थोडाच फरक पडेल. उरलेले दोन कुठल्यातरी बारीक आवाजात बसलेत.

म्हणून लोकर आणखी ठासू नका आणि मागचं तोंडही लहान करू नका. इंजिनाला धूर बाहेर टाकता आला नाही तर ते गुदमरतं.

त्यापेक्षा एक करा. आमच्याकडे नवीन गाडी आली की पहिल्या दिवशी आम्ही असंच करतो. तुम्ही आणि नर्सबाई रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी उभे राहा. दुसऱ्या कुणालातरी गाडी चढावर पूर्ण पिळून न्यायला सांगा. तुम्हाला जे जे ऐकू येतं ते तुम्ही एका कागदावर लिहा, त्यांनी दुसऱ्यावर. एकमेकांचा कागद बघायचा नाही. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि मला जसेच्या तसे पाठवा.

उगाच आपलं. पद्धत म्हणून.

तुमची टिटवी

५ मार्च

चि. टिटवे,

मामीचा आशीर्वाद. मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझे मामा तुला उत्तर देत नाहीयेत, म्हणून मी लिहितेय. त्यांना माहीत नाही.

तुझं पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि पान्यांच्या खणात टाकलं. म्हणाले, "चाळीस वर्षं मी कानाने इंजिन लावतोय, आणि ही मला श्रुतलेखनाला बसवते." मग तू नको म्हणालीस नेमकं तेच केलं. सायलेन्सर खोलून लोकर ठासली, मागचं भोक अंगठ्याएवढं केलं. आवाज खरोखर कमी झाला, मला वाटलं जमलं. पण परवा नर्सबाई वर निघाल्या, आणि दुसऱ्या वळणावरच्या चढात गाडीने मान टाकली. पुढे जाईना, मागे येईना. वर आठ दिवसांचं बाळ, दूध ओढत नव्हतं. बाई गाडी तिथेच टाकून पिशवी पाठीला लावून दीड तास चढल्या. बाळ सुखरूप आहे, काळजी नको. पण तिथली आजी म्हणाली, "अहो, आज गाडीचा आवाज आला नाही, तेव्हाच म्हटलं, आज बाई येत नाहीत." हे बाईंनी खाली येऊन जसंच्या तसं सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून ह्यांना घास जात नाही.

एवढं करून गुरुवारी मीटरने दाखवले त्र्याऐंशी.

तुला जे वाटतंय ना, ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे. मी मोठ्याने बोलते, तर म्हणतात ही भांडकुदळ झाली. हळू बोलते, तर म्हणतात मनात ठेवते. मी सांगून थकले, आता तू सांग. पण जपून. कान हीच त्यांची शाळा, दुसरी त्यांनी बघितलीच नाही.

तुझी मामी

९ मार्च

ती. मामांना नमस्कार.

मी तुम्हाला 'पद्धत म्हणून' असं लिहिलं, ते खोटं होतं. माफ करा. सरळ लिहायला हवं होतं.

चोवीस वर्षं चाललेल्या इंजिनाचा टॅपेट औषधालाही वाजत नाही, असं तुम्ही लिहिलंत, आणि त्याच पत्रात नर्सबाईंना शिलाई मशीन ऐकू येत होतं. टॅपेट तर तुम्ही मला शिकवलात. मी दहा वर्षांची असताना डोळे बांधून बसवायचात आणि विचारायचात, कुठला वाजतोय, आतला की बाहेरचा? तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला कळलं.

आता माझी गोष्ट. आमच्या कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी होते. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर टोप्या घालतात, बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. दोन वर्षांपूर्वी मी बराच वेळ बटण न दाबता बसले. वाटलं, बाईने यंत्र सुरूच केलं नाही. यंत्र सुरू होतं. माझ्या डाव्या कानात वरच्या पट्टीत एक खळगा पडलाय. लहान आहे, पण आहे. सुरुवातीच्या वर्षात धावपट्टीवर कानांत बोळे न घालता मिरवायचे, त्याचा प्रसाद. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. नोकरी गेली नाही, कामही सुटलं नाही. फक्त त्या पट्टीचं काही असलं की मी शेजारच्या टेबलवालीला म्हणते, "जरा ऐक गं." ती ऐकते, मी शोधते.

सगळ्यात आधी जातो तो बारीक आवाज, मामा. जाड राहतो. म्हणून माणसाला वाटतं आपण सगळंच ऐकतोय.

नऊ दिवस उरलेत. माझ्यावर रागवायचं ते एकोणीस तारखेला रागवा. आधी तो कागद करा.

तुमची टिटवी

१३ मार्च

चि. टिटवीस,
पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी सकाळी आलं आणि त्याच दुपारी आम्ही चढावर उभे होतो. गाडी पोस्टमननेच चालवली. पत्र आणल्याची शिक्षा म्हणून त्याला पकडला. आधी ठासलेली लोकर उपसली होती आणि मागचं भोक होतं तसं केलं होतं.

दोन्ही कागद सोबत पाठवतोय. माझ्यावर एकच ओळ आहे: 'ठोका, मऊ.' बाईंच्या कागदावर बघ:
ठोका.
टिकटिक, डाव्या बाजूने.
शीळ, मूठ पिळल्यावर सुरू होते, सोडली की थांबते.
झाडावर एक पक्षी सारखा बोलतोय (हा गाडीचा नसावा).

मी मान वर करून बघितलं. पक्षी होता. चोच उघडत होता, मिटत होता. मी किती तरी वेळ बघत उभा राहिलो. बाई पोस्टमनला म्हणाल्या, "चला, तुम्हाला पाणी देते."

वाईट वाटलं म्हणून सांगू? वाटलं. चाळीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडर, आणि कानात बोळे घालणाऱ्याला आम्ही नाजूक म्हणून हसायचो. पण तू तुझ्या खळग्याचं लिहिलंस ना, ते वाचून माझी मान ताठ करायची हौसच फिटली. तुझं वय काय, माझं काय. तू दोन दिवस रुसलीस, मी पंधरा दिवस रुसलो. मोठा असून मीच जास्त बालिश निघालो.

मग कामाला लागलो. टॅपेटला कान न लावता मापाची पट्टी घातली. फट दुपटीने वाढलेली! नीट केली. बाई म्हणाल्या, शिलाई मशीन बंद. आता शीळ. सायलेन्सर उघडला, भोकांचा पाइप बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि आतून बोट फिरवलं. बोटाला रक्त! एकशे साठ भोकं मी बाहेरून पंचाने ठोकली होती, त्यांच्या कडा आत वळून उभ्या राहिल्या होत्या. बाहेरून आरसा, आतून किसणी. त्या एकशे साठ पात्यांवरून धूर सपाट्याने जात होता, मग शीळ घालणार नाही तर काय करणार? ऐकू येत असतं तर पहिल्याच दिवशी हातात आलं असतं. पण कानाने सोडलं ते बोटाने धरलं, एवढा अजून कारागीर आहे मी.

नवा पाइप घेतला. पंच ठेवून दिला, या वेळी ड्रिल. प्रत्येक भोकाची कड आतून-बाहेरून कानशीने मोडली. बाई रोज काम आटोपून येतात, स्टुलावर बसतात. मी गाडी पिळतो, त्या बोट वर करतात, "अजून आहे", "थोडी आहे." कालपासून बोट वर झालेलं नाही.

मला मात्र आधीही सारखंच होतं आणि आताही सारखंच आहे. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कानावर विश्वास ठेवून काम संपवलंय. धाकधूक आहे. अठराला मोजणी.

बाईंनी एक अट घातलीय, ती मोजणी झाल्यावर सांगतो.

तुझा मामा

१५ मार्च

मामा, घाईत कार्ड. किसणी आमच्या खात्याच्या फळ्यावर लिहून ठेवलीय, नव्या मुलांसाठी. तीन गोष्टी: मोजणीआधी इंजिन पुरतं तापवा. नाकाचा पट्टा घट्ट आहे ना बघा, डब्याच्या झाकणाला फट राहिली तर पुढचं दार पुन्हा उघडं पडेल. आणि बाईंची अट काहीही असो, हो म्हणा.
– टिटवी

१९ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

पत्र मांडीवर ठेवून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल. कुठे बसलोय ते पुढे सांगतो.

काल सकाळी मी, मामी आणि बाई केंद्रात गेलो. आमच्या आधी तीन गाड्या होत्या. त्यातली एक पाहून मी तोंड फिरवलं, कारण तिचंही नाक मीच काढलं होतं. तू म्हणालीस तसं इंजिन तापवलं, पट्टा आवळला, झाकणाच्या कडेला हात फिरवून पाहिला. तपासणीचा चालक बसला. रेघेपर्यंत आला, मूठ पिळली, गेला. मला आपला तो ठोका तेवढा ऐकू आला. मी बाईंच्या बोटाकडे बघत होतो. बोट खाली. दोनदा उजवीकडून, दोनदा डावीकडून. मग मीटरसाहेब खाली मान घालून लिहीत बसले, इतका वेळ, की मामी म्हणाली, "अहो, कादंबरी लिहिताय का?"

एक्क्याऐंशी.

साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि म्हणाले, "मामा, नाक काढलेल्या सगळ्या गाड्या आता माझ्याकडे नापास होणार. त्यांना तुमच्याकडेच पाठवतो." म्हणजे जन्मभर जी नाकं काढली ती उरलेला जन्म लावत बसायची. मी म्हटलं, पाठवा. बाईंना विचारलं, "येत जाल का अधूनमधून ऐकायला?" म्हणाल्या, "येईन. आधी माझी अट."

अट ही, की गाडी पास झाली तर तिचा पहिला फेरा शहरातल्या कानांच्या दवाखान्यात, आणि मागच्या सीटवर मी. वेळ त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती; इतका विश्वास कुणाच्या कामावर होता, विचारलं नाही. टिटवे, मी कधी कुणाच्या मागे बसलेलो नाही. हात कुठे धरायचे तेच कळेना. मामी दारात उभी राहून अशी हसत होती, की कंबर विसरली. बाई गाडी छान चालवतात, वळणावर जरा जास्तच झोकात. चढावर गाडी एकदाही अडखळली नाही.

तर इथे बाकावर बसलोय. समोर तू लिहिलीस तशीच काचेची खोली आहे, आत एकजण कानांवर टोप्या घालून बसलाय आणि बटण दाबायचं की नाही या विचारात पडलाय. मला धास्ती नाही असं नाही. पण गाडीला मोजायला उभं केलं, तर मीही उभा राहायला हवा. जो आकडा येईल तो तुला कळवीन, लपवणार नाही. तूही तुझ्या आईला सांग. तिच्या हातचा तुझ्यापेक्षा जास्त मार मी खाल्लाय, तुझी बाजू घेईन.

तुझ्या पत्राची वाट बघायला लावू नकोस, मिळाल्या दिवशीच बसून लिही. आणि त्या कानात घालायच्या यंत्रांबद्दल तुझ्या शेजारच्या टेबलवालीला विचारून मला नीट चित्र काढून कळव, आत काय असतं ते, कारण मिळालं की मी ते उघडून बघणार आहे.

माझं नाव पुकारलं म्हणे. बाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. निघतो.

तुझा मामा